बांधावरचा पिवळा धोत्रा

दुपारची भांडी घासून झाली असतील, कुणी निवडण घेऊन ओट्यावर बसली असेल. आज आम्हीही निवडणापासूनच सुरुवात करणार आहोत.

उन्हाळ्यात मसाल्याचं काम निघतं, तेव्हा आमचा बचत गट मिरची-धण्यांबरोबर फोडणीची मोहरीही पाव-पाव किलोच्या पुड्या करून विकतो. यंदा एप्रिलात मोहरीचं पोतं आलं. सुपात घेतली, पाखडली, काडीकचरा उडाला. चाळली, खडे गेले. वरवर बघता दाणा स्वच्छ. पण आमच्यातल्या थोरल्या आक्कांना आता डोळ्यांनी कमी दिसतं, म्हणून त्या दाणा चिमटीत धरून चोळून बघतात. चोळता चोळता त्यांचं बोट थांबलं. म्हणाल्या, "हा दाणा खरखरतोय गं. मोहरी अशी नसते."

आम्ही चष्मे लावले. मग एकीच्या मुलाच्या दप्तरातलं भिंग आणलं. मोहरीचा दाणा गोल आणि बोटाला गुळगुळीत. हा दाणाही जवळपास तेवढाच, तसाच काळपट, पण अंगावर बारीक जाळी आणि एका बाजूला इवलंसं टोक. आक्का उठल्या, मागच्या बांधावर गेल्या आणि पदर गुंडाळलेल्या हातात एक वाळकं काटेरी बोंड घेऊन आल्या. परातीत उलटं करून झटकलं तर शेकड्यांनी दाणे सांडले. भिंगाखाली दोन्ही शेजारी ठेवले. तेच दाणे.

ते बोंड पिवळ्या धोत्र्याचं होतं. तुम्ही रोज बघता हे झाड. निळसर हिरवी काटेरी पानं, त्यांवर पांढऱ्या शिरा, पिवळंधमक फूल, देठ मोडला की पिवळा चीक. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. आपण धोत्रा म्हणतो खरं, पण शंकराला वाहायच्या धोत्र्याशी याचं नातं नाही, याचं कूळ अफूचं. मूळ मुलूख मेक्सिको आणि त्याच्या आसपासचा. समुद्रापारचा व्यापार वाढला तसं ते इकडे आलं आणि इथलंच होऊन गेलं. आपली मिरचीही अमेरिका खंडातूनच आली, म्हणजे पाहुणी म्हणून आलेली सगळीच वाईट असं नाही. हिंदी मुलखात मात्र याला सरळ 'सत्यानाशी' म्हणतात. बंगालीत 'शियालकांटा', म्हणजे कोल्ह्याचा काटा.

हे नाव सत्यानाशी का पडलं ते आम्हाला माहीत नव्हतं. पोत्याचं काय करायचं यावर गटात वाद सुरू झाला, तेव्हा आम्ही वाचायला घेतलं, विचारायला घेतलं. त्यातून जे हाती आलं ते आज सांगतो. मोहरीच्या शेतात मोहरीखेरीज काय काय उगवतं, ते कुणी मोजलं, कधी मोजलं, आणि मोजलं नाही तेव्हा काय झालं, अशी ही गोष्ट आहे.

सुरुवात कलकत्त्यात, १८७७ साली. बंगालात स्वयंपाक मोहरीच्या तेलात. मासळी त्यातच, भाजी त्यातच, लेकराची मालीशही त्यानंच. त्या साली शहरात सुजेची साथ आली. दोन्ही पायांवर सूज चढायची, बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. पायांची आग व्हायची, कातडी लाल व्हायची, धाप लागायची. कुणाचं हृदय थकून जायचं आणि माणूस बसल्या जागी जायचं. कुणाच्या डोळ्यांत काचबिंदू व्हायचा. पुढच्याच वर्षी मॉरिशस बेटावर, उसाच्या मळ्यांत कामाला गेलेल्या हिंदी मजुरांत तसाच आजार निघाला. मॉरिशसच्या मळ्यांवर आपली मराठी माणसंही गेलेली होती हे तुम्ही ऐकलंच असेल.

डॉक्टरांना हा आजार बेरीबेरीसारखा वाटला. पायांना सूज, हृदय कमजोर, लक्षणं मिळतीजुळती. त्यामुळे संशय गेला तांदळावर. कुणी म्हणे पॉलिशचा तांदूळ, कुणी म्हणे साठवणीत बिघडलेला तांदूळ, कुणी म्हणे हा संसर्गच आहे, एकाकडून दुसऱ्याला लागतो. कलकत्त्यात पुन्हा पुन्हा साथ आली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही आली, तरी वर्षानुवर्षं चौकशी ताटातल्या भाताभोवतीच फिरत राहिली.

आम्हाला यात एक गोष्ट खटकली. हा आजार घराघरानं यायचा. एका कढईतलं खाणारं अख्खं घर सुजायचं आणि शेजारचं घर ठणठणीत. अंगावर पिणारी बाळं बहुतेक वाचायची. रांधणाऱ्या बाईला विचारलं असतं की, "बाई, तुझ्या घरात काय वेगळं आलं?" तर तिनं तेलाचा डबा बदलल्याचं सांगितलं असतं, असं आम्हाला वाटतं. अर्थात आज इथे बसून बोलणं सोपं आहे. त्यांच्या हाती तेव्हा साधनं नव्हती आणि बेरीबेरीचं कोडंही त्याच काळात उलगडत होतं.

१९२६ साली सरकार नावाच्या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात 'कटकर तेला'च्या विषबाधेबद्दल लिहिलं. कटकर म्हणजे हाच काटेरी पिवळा धोत्रा. मोहरीच्या तेलात याचं तेल येतंय आणि सूज त्याची आहे, असं त्यांचं म्हणणं. लगेच सगळ्यांनी मानलं नाही. १९३७ साली आर. बी. लाल आणि एस. सी. रॉय यांनी घरोघरची माहिती आणि तेल तपासून सूज आणि धोत्र्याचं तेल यांची सांगड पुराव्यानिशी घातली. दोनच वर्षांनी कर्नल रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सोबत्यांनी माणसांवर प्रयोग करून तीच लक्षणं दाखवून दिली. आजच्या नियमांत असा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि ते बरंच आहे. मग १९४८ साली त्या तेलातलं विष वेगळं काढण्यात आलं, त्याचं नाव सँग्विनरीन. तेलाच्या शंभर भागांत एक भाग जरी धोत्र्याचं तेल असलं तरी माणूस आजारी पडू शकतो.

१८७७ ते १९३७. साठ वर्षं लागली, मैत्रिणींनो, भातावरची नजर तेलावर यायला. आणि तेलावरून शेताकडे यायला तर आणखीच.

आता थोडं लांब, इंग्लंडात जाऊ या, कारण शेतातलं तण शिस्तीनं मोजायची गोष्ट सांगायची तर एका बाईचं नाव घ्यावंच लागतं. तिचं नाव विनिफ्रेड ब्रेंचली. रॉथमस्टेड नावाचं शेतीसंशोधनाचं फार जुनं ठिकाण आहे, तिथे १८४३ पासून एकाच शेतात गहू घेऊन खतांचे प्रयोग चाललेले. १९०६ साली ब्रेंचली तिथे कामाला लागली. त्या संस्थेत काम करणारी ती पहिली बाई. बाई आली तर आता करायचं काय, असा तिथल्या पुरुषांना प्रश्न पडला म्हणे, आणि बाई म्हणजे चहा हवाच असं ठरून दुपारचा चहा सुरू झाला! बाई आल्यानं चहा पुरुषांनाही मिळाला, हे वाचून आम्ही खूप हसलो.

पण ती चहा पीत बसली नाही. गावोगावच्या शेतांत फिरून कुठल्या मातीत कुठलं तण येतं याची नोंद तिनं केली. वाळूच्या जमिनीत काय, चुनखडीत काय, चिकणमातीत काय. १९११ पासून तिचे लेख छापून आले, १९२० साली तणांवर पुस्तक आलं. तिकडच्या शेतकऱ्याला सगळ्यात छळणारं एक तण कुठलं होतं माहीत आहे? रानमोहरी! आपण ज्या कुळातल्या पिकाच्या शेतातलं तण मोजतोय, त्याच कुळातलं झाड तिकडे तण. तेव्हा तण ही काही झाडाची जात नाही. आपल्याला नको तिथे उगवलेलं ते तण.

पुढे ब्रेंचलीनं कॅथरीन वॉरिंग्टन या दुसऱ्या बाईबरोबर त्याहून चिकाटीचं काम केलं. दिसणारं तण मोजून भागत नाही, मातीत झोपलेलं बी मोजायला हवं, असं त्यांनी ठरवलं. शेतातली माती आणून तबकात ठेवायची, ओली करायची, उगवेल ते रोप ओळखून मोजायचं आणि उपटायचं. मग माती हलवायची, पुन्हा ओली करायची आणि पुन्हा वाट बघायची. असं एकदा-दोनदा नव्हे, वर्षानुवर्षं. १९३० साली त्यांनी ते छापलं. एवढीशी माती आणि तिच्यात दडलेलं केवढं तरी बी! आपल्या आज्या म्हणत आल्यात, एका वर्षाचं तण पडू दिलं तर सात वर्षं खुरपं सुटत नाही. या दोघींनी त्याचा हिशोब मांडला.

आता परत आपल्या देशात. मोहरीचा मुख्य मुलूख राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश. त्यात राजस्थान पहिला. आपल्याकडे मोहरी म्हणजे बहुधा गव्हाच्या कडेनं एखादी ओळ, विदर्भात थोडी शेतं. तिकडे जानेवारीत रेल्वेच्या खिडकीतून बघाल तर नजर जाईल तिथे पिवळं. १९७८ साली देशातल्या तणांच्या कामाची एकत्र जुळणी झाली, १९८९ साली जबलपूरला तणांच्या संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आलं, आणि १९९३ साली भरतपूरजवळ सेवर इथे मोहरीचं. शेतात जाऊन तणं मोजायचं काम या ठिकाणांनी आणि कृषी विद्यापीठांनी केलं.

हे मोजतात कसं? पद्धत इतकी साधी आहे की आपणही करू शकतो. लाकडाची किंवा तारेची चौकट करायची, एक मीटर बाय एक मीटर किंवा अर्ध्या मीटरची. शेतात नागमोडी चालत जायचं. चांगली जागा, वाईट जागा असं बघायचं नाही, नाहीतर माणूस नकळत तण दाट आहे तिथेच जातं. मध्येमध्ये चौकट टाकायची आणि आतलं एकेक रोप नावानिशी मोजायचं. असं बऱ्याच शेतांत केलं की दोन गोष्टी कळतात. एक, कुठलं तण किती दाट आहे. दुसरी, कुठलं तण किती चौकटींत भेटलं. दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत. लव्हाळा एकाच कोपऱ्यात गालिचा पसरून बसतो, तर हरणखुरी एकेकटीच पण सगळीकडे वेल टाकते.

आणि मग येतं वैविध्य, म्हणजे किती तऱ्हेची तणं आणि त्यांच्यात वाटणी कशी. समजा दोन परातींत शंभर-शंभर दाणे आहेत. एकीत सगळे हरभऱ्याचे. दुसरीत हरभरा, मूग, मटकी, चवळी, वाटाणा, सगळे वीस-वीस. डोळे मिटून एक दाणा उचलला तर पहिल्या परातीत तुम्ही आधीच सांगाल काय हाती येणार. दुसरीत नाही सांगता येणार. ही जी 'सांगता न येण्याची' गोष्ट आहे, ती आकड्यात मांडायचं गणित क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली मांडलं. त्यांना शेताशी काही देणंघेणं नव्हतं. ते टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत होते आणि तारांतून जाणाऱ्या संदेशांचा विचार करत होते. झाडाझुडपांचा अभ्यास करणाऱ्यांनी ते गणित उचललं, आणि आज मोहरीच्या शेतातलं तण त्यानं मोजतात. आता आम्ही तुमच्याशी बोलतोय तेही हवेतून जाणारा संदेशच आहे, म्हणून हे सांगायचा मोह आवरला नाही.

मोहरीच्या शेतांच्या याद्यांत पुन्हा पुन्हा येणारी नावं ऐका. पहिलंच नाव बथुआ. म्हणजे कोण? आपली चाकवत! जिची आपण ताक घालून पातळ भाजी करतो, ती तिकडच्या यादीत मोठ्या शत्रूंपैकी. पण पंजाबात सरसोंचा साग करताना तोच बथुआ त्यात घालतात, म्हणजे खुरपून फेकणारी आणि कढईत टाकणारी बाई एकच. मग प्याजी, कांद्याच्या पातीसारखं दिसणारं, राजस्थानच्या हलक्या रेताड जमिनीत माजणारं. हरणखुरी, लव्हाळा, हरळी तर आपल्या ओळखीची. रानमेथीसारखी सेंजी. निळ्या इवल्या फुलांचं कृष्णनील. पित्तपापडा. आणि अर्थात सत्यानाशी.

या यादीत एक विलक्षण झाड आहे, त्यावर जरा थांबू. हरियाणा-राजस्थानात त्याला मरगोजा म्हणतात. आपल्याकडे तंबाखू-टोमॅटोच्या शेतकऱ्यांना ते 'बंबाखू' म्हणून माहीत आहे. त्याला हिरवं पान नाही. ते स्वतः अन्न करत नाही, मोहरीच्या मुळाला जमिनीखाली चिकटून तिचा रस पितं. महिना-दीड महिना काहीच दिसत नाही, पीक नुसतं मरगळलेलं वाटतं. मग एके दिवशी जमीन फोडून फिकट दांडा वर येतो. तोवर चोरी झालेली असते. एका दांड्याला हजारो, कधी लाखांनी बिया, धुळीसारख्या बारीक, आणि वीस-वीस वर्षं मातीत जिवंत राहणाऱ्या. आता विचार करा, पेरणीनंतर महिन्याच्या आत कुणी चौकट घेऊन गेलं तर त्याच्या वहीत मरगोजा शून्य. शेत मात्र आतून पोखरलेलं. केव्हा मोजलं यावरही उत्तर ठरतं.

संस्था झाल्या, याद्या झाल्या, सत्यानाशीचं विष तर पन्नास वर्षांपूर्वीच ओळखलं गेलं होतं. आणि तरीही १९९८ चा ऑगस्ट आला. दिल्लीत माणसांचे पाय सुजू लागले. तीच सूज, तीच धाप. तीन हजारांच्या आसपास माणसं आजारी पडली, साठाहून अधिक मेली. तेलाचे नमुने तपासले तर मोहरीच्या तेलात धोत्र्याचं तेल. दिल्लीत मोहरीच्या तेलाची विक्रीच काही काळ बंद केली. त्याच सप्टेंबरात केंद्र सरकारनं खाद्यतेल सुटं विकू नये, बंद पॅकिंगमध्येच विकावं, असा आदेश काढला. सूट द्यायचा अधिकार राज्यांकडे ठेवला. पॅकिंगनं भेसळ पकडणं सोपं जातं हे खरं. पण गावच्या घाण्यावर आपल्या डोळ्यांसमोर तेल गाळून घेणाऱ्या बाईला आणि त्या घाणेवाल्याला हा आदेश जाचला, हेही खरं. तेव्हा दिल्लीत 'सरसों सत्याग्रह' नावाची चळवळही उभी राहिली होती.

शेतातून चार दाणे चुकून येणं वेगळं आणि एवढी माणसं आजारी पडावीत इतकं तेल मिसळणं वेगळं. मोहरी फेब्रुवारी-मार्चात कापतात, तर धोत्र्याची बोंडं ऊन तापल्यावर, बहुतेक कापणीनंतर वाळतात. म्हणून दिल्लीसारख्या साथीचं खापर खुरपणाऱ्या बाईच्या माथी कुणी फोडू नये. पण उशिरा पेरलेली मोहरी असेल, बांधाला लागून खळं असेल, तर दाणा दाण्यात जातो. आमच्या पोत्यात गेलाच होता ना.

एक गोष्ट तेलाच्याच ओघात सांगून टाकतो, कारण लेकुरवाळ्या बायका ऐकताहेत. हे विष पोटातूनच जातं असं नाही. मालीश केल्यावर कातडीतून गेल्याचा दाखला १९८५ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला. तेव्हा खायला नको म्हणून बाजूला ठेवलेलं संशयी तेल 'राहू दे, अंगाला लावायला होईल' म्हणून जपू नका. आणि पायांवर अशी सूज, धाप दिसली, घरात एकाहून जास्त जणांना दिसली, तर ते तेल त्याच दिवशी बंद करून सरकारी दवाखाना गाठायचा. जाताना तेलाची बाटलीही न्यायची.

एवढं वाचून झाल्यावर आम्ही ठरवलं, चौकट टाकून बघायची. सुताराकडून पट्ट्या आणल्या, एक मीटरची चौकट ठोकली. गटातल्या एकीच्या गव्हात कडेनं मोहरी होती, तिचं कापून झालेलं शेत आणि बांध असं बघायला गेलो. पहिल्याच चौकटीला भांडण! एका रोपाला तिघींनी तीन नावं सांगितली. एकीचं माहेर नगरकडचं, एकीचं खानदेशातलं, तिसरी इथलीच. उलट दोन वेगळ्या रोपांना सगळ्या मिळून 'केना'च म्हणत होत्या. एवढ्या वर्षांत शेजारी-शेजारी ओळीत बसून खुरपलं, पण कोण कशाला काय म्हणते हे कधी बोललोच नव्हतो. मग वहीत तिन्ही नावं लिहिली आणि रोप वर्तमानपत्रात दाबून चिकटवलं.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. पाहणीच्या रीतीत एक नियम असतो, कडेची काही पावलं सोडायची, बांध सोडायचा, आतल्या शेतात चौकट टाकायची. त्यामागे कारण आहे. कडेला सावली असते, पाणी साचतं, गुरं चरतात, म्हणून कड शेताचं खरं चित्र देत नाही. आम्ही नियम पाळला आणि आमच्या कुठल्याच चौकटीत पिवळा धोत्रा आला नाही. एकही नाही. आणि चौकट खांद्यावर घेऊन परत निघालो, तर बांधावर, पायवाटेला, उकिरड्याजवळ नुसता धोत्राच धोत्रा! आमच्या वहीप्रमाणे त्या शेतात तो नव्हताच.

कलकत्त्यात भात तपासत बसले तसंच हे. जिथे बघायचं ठरवलं तिथलंच दिसलं. आमचं म्हणणं नियम मोडा असं नाही. आम्ही फक्त वहीला एक पान जोडलं, बांधाचं. बांधावर चारा कापायला, शेण्या वेचायला, सरपण आणायला कोण जातं ते तुम्हाला सांगायला नको. त्या पानातली नावं सगळ्यात भराभर आक्कांनी सांगितली, बोटांनी पानं चाचपून. त्यातली दोन नावं आम्ही पुस्तकात शोधली, अजून सापडली नाहीत.

हल्ली फवारणी वाढली, खुरपणीचे दिवस कमी झाले. पाठ मोडत नाही हे बरंच, पण मजुरी बुडते, आणि आमच्यातल्या तरण्या मुलींना दहा तणांची नावं येत नाहीत हेही त्या दिवशी कळलं. फवारणारा बांधावर सहसा फवारत नाही. धोत्रा तिथे निवांत आहे. बोंड वाळून फुटायच्या आत, फुलावर असतानाच तो मुळासकट काढावा लागतो. जाड हातमोजे किंवा गोणपाट घ्या, चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

राहिलं ते पोतं. गटात दोन पक्ष पडले होते. काहींचं म्हणणं, फोडणीत चार दाणे गेले तर काय बिघडतं, तेल थोडंच काढायचंय? पोतं कर्जाच्या पैशातून आलेलं, आणि चाळणीनं वेगळं होईना, कारण दाणा तेवढाच. दुसऱ्यांचं म्हणणं, पुडीवर आपल्या गटाचं नाव आहे. दोन दिवस वाद झाला. व्यापाऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, "एवढं तेवढं असतंच, ताई." शेवटी त्यानं अर्धे पैसे परत दिले. पोतं तो परत नेत होता, ते आम्ही नेऊ दिलं नाही, कारण ते दुसऱ्या कुणाला तरी गेलं असतं. खड्डा करून जाळलं. अर्ध्या पोत्याचा तोटा बाराजणींत वाटून घेतला, आणि दोघी अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत.

जाळण्याआधी आक्कांनी त्यातले मूठभर दाणे निवडून काढले. आता गटाच्या खोलीत खिडकीत दोन बाटल्या आहेत, एकीत मोहरी, एकीत धोत्रा, दोन्हींना बूच आणि धोत्र्याच्या बाटलीवर लाल फुली. नवी मुलगी निवडायला बसली की आक्का तिला डोळे मिटायला सांगतात आणि दोन्हींतला एकेक दाणा तिच्या चिमटीत देतात. नंतर साबणानं हात धुवायला लावतात.